पटावरची चौऱ्याऐंशी नावं

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीत असताना दिवसभराची नोंद संध्याकाळी लिहून ठेवायची सवय होती. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. कुठलं दुकान, किती काटे तपासले, किती जप्त केले, एवढंच लिहायचं. निवृत्त झाल्यावर नोंदण्यासारखं काही उरलं नाही. आज पुन्हा वही काढली, कारण काम मिळालं आहे.

सकाळी ताईच्या शाळेतले गणिताचे सर घरी आले. ताईची शाळा मोठ्या माणसांची. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ भरते. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं ते येतात, ज्यांना पोटासाठी नवं काही शिकायचं आहे तेही येतात. ताईने ती सव्वीस वर्षं चालवली. आता सर सांभाळतात.

सर खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "बाई जाऊन दोन महिने झाले. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पण शाळेच्या मान्यतेची मुदत संपतेय. सतरा मार्चला समिती पाहणीला येणार. सगळा कारभार बाईंच्या डोक्यात होता. कपाटात नुसते कागद आहेत."

मी म्हटलं, "मला शिकवण्यातलं काही कळत नाही."

"तपासणीतलं कळतं ना? तुम्ही तर पलीकडच्या पार्टीतल्या. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, आणि पोलिसालाही."

हो म्हटलं. सर गेल्यावर माझा चहा प्यायले तेव्हा कळलं की साखर घालायची राहिली होती. सर दोनदा म्हणाले होते, छान झालाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

शाळा वरच्या मजल्यावर आहे. खाली गाड्या दुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळे जिन्यात ऑइलचा वास. चार खोल्या आणि ताईची ऑफिसची खोली. टेबल पुसलेलं होतं, पेन्सिलींना टोक काढलेलं होतं. शिपाईमामा रोज काढतात म्हणे, अजूनही. ताईच्या खुर्चीत बसायला नको वाटलं. मी काही बोलले नाही, पण मामांनी कोपऱ्यातलं स्टूल आणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं. शहाणा माणूस आहे.

इथे ताईला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यामुळे मी आपोआप धाकट्या बाई झाले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी धाकटी होणं सगळ्यांच्या नशिबात नसतं.

समितीचं नियमांचं पुस्तक चाळीस पानांचं आहे. अग्निशामक नळकांड्यापासून ग्रंथालयातल्या खुर्च्यांपर्यंत सगळं त्यात आहे. मान्यता मिळाली नाही तर शाळेचं प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद. सगळ्यात मोठी अडचण रुग्णसेवेच्या वर्गाची. त्या वर्गात एकोणीस जणी आहेत. मे महिन्यात परीक्षा, आणि मोठं हॉस्पिटल त्यांना कामावर घ्यायला तयार आहे, पण मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असेल तरच.

हा वर्ग निवृत्त नर्सबाई घेतात. त्या म्हणाल्या, "मान्यता गेली तर माझ्या पोरी जे शिकल्यात ते घरातल्या म्हाताऱ्यांवर वापरतील. दिवसातून चार वेळा ताप बघतील. म्हातारे माझ्या नावाने खडे फोडतील."

घरी निघाले तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, मलाही त्याच बाजूला जायचंय. बोलत आलो. वाट बरी वाटली.

१० फेब्रुवारी, सोमवार

अडचण सापडली. हजेरीपट.

पटावर दोनशे चौदा नावं आहेत. रोज सरासरी अठ्ठ्याऐंशी जण येतात. म्हणजे एकेचाळीस टक्के. समितीला साठ हवेत. तीन वर्षांच्या तीन वह्या, तिन्हींत हीच गत.

नियम असा आहे की सलग पंचेचाळीस दिवस न आलेल्याचं नाव त्याच महिन्यात पटावरून कमी करायचं. ताईने एकही नाव कमी केलेलं नाही. प्रत्येक वर्गाच्या बेरजा मांडून बघितल्या. सध्या न येणारे पंच्याऐंशी. ही नावं वेळच्या वेळी कापली असती तर हजेरी अडुसष्ट टक्क्यांवर गेली असती.

कापायचं सोडून ताईने प्रत्येकापुढे पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं आहे. "मुलगी झाली. चालायला लागली की येईल." "रात्रपाळी लागली. बदलली की येईल." "माझ्यावर रागावला. येईल." "नवरा पाठवत नाही. येईल." सगळ्यांच्या शेवटी येईल. काही जणांना तीन वर्षं झाली, तेच वाक्य दरवर्षी नव्या पटावर उतरवलं आहे.

नियम ताईला माहीत नव्हता असंही नाही. पुस्तकात त्या ओळीखाली तिने रेघ मारली आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताईचा राग आला. हे लिहू नये, पण वही माझी आहे. सव्वीस वर्षं राबून शाळा उभी केली आणि साधी लाल रेघ मारायला हात उचलला नाही. त्याचा भुर्दंड आता एकोणीस बायकांनी भरायचा. घरीही असंच. भांडी मी घासायची आणि लोकांच्या अडचणी हिने ऐकायच्या.

आज घरी येताना शिपाईमामांना माझ्याच रस्त्याला काम निघालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांना सांगितलं की नियम पाळलेला दिसला तरच टक्के बसतील, आणि पाळलेला दिसायला तीन वह्या नव्याने लिहाव्या लागतील, मागच्या तारखांनी. सर खिडकीतून खाली गॅरेजकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

बाजारातून तीन कोऱ्या वह्या आणल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काम सुरू केलं. समितीकडे ताईच्या सहीचे जुने अहवाल आहेत, म्हणून अक्षर तिच्यासारखंच हवं. वडिलांनी दोघींना एकाच पाटीवर गिरवायला लावलं होतं. ती आधी लिहायची, मी तिच्या अक्षरावरून बोट फिरवायची. पुढे नोकरीत फॉर्म भरून भरून माझं अक्षर चौकोनी झालं. पण हाताला मूळ वळण आठवत असावं. पहिली चार पानं जुनी वही बघत लिहिली. ताईचा र ताठ उभा राहतो आणि शेवटी मान वळवतो, तो जमत नव्हता. आठव्या पानापासून बघावं लागलं नाही.

पंचेचाळीस दिवस भरले की पट्टी ठेवून लाल रेघ, पुढे "नाव कमी" आणि तारीख. पेन्सिलीतला मजकूर उतरवला नाही. नियमात पेन्सिल नाही.

सहा तास कसे गेले कळलं नाही. घरी येऊन भात लावला आणि पोटभर जेवले. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेल असं वाटतं. नियमाप्रमाणे काम केलं की मन थाऱ्यावर येतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली वही पूर्ण. कामाची इतकी गोडी लागली आहे की सकाळी उठल्या उठल्या बोटं शिवशिवतात. ताईच्या अक्षरात माझी किराण्याची यादीसुद्धा लिहून झाली. लक्षातच आलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी वही संपली, तिसरी निम्मी झाली. संध्याकाळी नर्सबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता थबकल्या.

"हे मोठ्या बाईंनी कधी लिहिलं?"

"मी लिहिलंय."

त्यांनी पान उलटलं, परत उलटलं. मला वाटलं काहीतरी तिखट बोलतील. त्यांच्या जिभेला हाड नाही हे सगळी शाळा जाणते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "चहा गरम आहे तोवर घ्या." जाताना दार हळूच ओढून घेतलं. वर्गाचा आवाज येऊ नये म्हणून असेल. त्यांचे उपकार आहेत.

३ मार्च, सोमवार

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहिते.

सहाच्या सुमाराला दारात एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हातांची कातडी पाण्याने पांढरी पडलेली. हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुतात. अडीच वर्षांपूर्वी वाचनाच्या वर्गाला यायच्या. ताईबद्दल मामांनी त्यांना जिन्यातच सांगितलं होतं, कारण डोळे पुसूनच त्या वर आल्या.

म्हणाल्या, "तुम्ही धाकट्या ना? तोंडवळा तोच आहे. माझं नाव आहे का अजून? बाई म्हणाल्या होत्या, आपल्याकडे नाव कापत नाहीत, नुसता जिना चढायचा."

माझ्यापुढे नवी वही उघडी होती. त्यांचं नाव होतं, त्यावर लाल रेघ होती. मागच्याच आठवड्यात मी ती मारली होती, खाली तारीख दोन वर्षांपूर्वीची. मी वही मिटली आणि कपाटातून जुनी काढली. नाव दाखवलं.

त्यांनी नावावर बोट ठेवलं. "आणि हे बारीक काय लिहिलंय? वाचाल का? मला अजून एवढं जमत नाही."

मी वाचलं. "आईला अर्धांगवायू झाला. आई बरी झाली की येईल."

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आई बरी नाही झाली. गेली जानेवारीत. मग घरी बसून करायचं काय, म्हणून आले."

मी वही मिटून कपाटात ठेवली.

"कुठल्या वर्गात बसू?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना वाचनाच्या वर्गापर्यंत सोडून आले. तिथे बाकावर सरकून लोकांनी जागा केली. परत आले तर पेनाच्या टोकावरची शाई वाळली होती. पुढे लिहिलं नाही.

४ मार्च, मंगळवार

सरांना बोलावून सांगितलं, "या नव्या वह्या मी समितीला देणार नाही."

"इतक्या सुबक झाल्यात. काय बिघडलं?"

"ज्या दुकानात काटा आदल्या दिवशी घासलेला असायचा, तिथे मी आधी वजनं पालथी घालायची. खाली भरलेलं शिसं काढून वजन हलकं केलेलं असायचं."

"म्हणजे पकडले जाऊ असं वाटतं?"

"नाही. कदाचित पकडलेही जाणार नाही. पण सर, हा तिचा हात आहे. तिने जन्मात जे लिहिलं नसतं ते मी तिच्या हातून लिहवून घेतलं."

सर टेबलावर बोटं वाजवत राहिले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला हे कर असं कधीच सांगितलं नाही, आणि करू नका असंही सांगितलं नाही. "मान्यता गेली तर?"

"तर धाकट्या बाईंनी घालवली म्हणा."

नर्सबाई दारात होत्या. कधी आल्या कळलं नाही. "छान. मग एकोणीस जणींना तुमच्या घरचा पत्ता देऊन ठेवते. ताप बघतील तुमचा, दिवसातून चार वेळा."

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मग त्याच पुढे येऊन स्टुलाशेजारी वाकून उभ्या राहिल्या. "अहो, जुन्याच वह्या द्यायच्या तर नुसत्या का द्यायच्या? किती गेले ते सगळ्यांना दिसतंय. किती परत आले ते कोणी मोजलंय का? कालची ती लाँड्रीवाली एकटीच आहे का?"

नव्हतं मोजलं. मी एकतीस वर्षं मोजत आले आणि हे सुचलं नाही.

११ मार्च, मंगळवार

वाचनाच्या वर्गाचे मास्तर आजारी आहेत, म्हणून सरांनी तीन दिवस त्या वर्गाला धडा म्हणून जुने पट दिले. एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने पेन्सिलीची ओळ वाचायची, मी परत आलेल्यांपुढे खूण करायची. धड्याच्या पुस्तकापेक्षा लोक यात रमले. मध्येच कोणीतरी सांगायचं, "ही माझ्या शेजारची, हिला आता जुळं झालंय," की चालली गाडी.

आज शेवटची पानं होती, तिसऱ्या वहीच्या तळाशी. तिथपर्यंत मी उतरवायला पोचलेच नव्हते. सायकलचा वर्ग. गॅरेजमागच्या अंगणात ताईने गेल्या वर्षी बायकांसाठी दर रविवारी सुरू केला होता. खालच्या गॅरेजातला मिस्त्री, चाळिशीचा गडी, एकेक अक्षर जोडत पहिलं नाव वाचू लागला. आडनाव जुळवेपर्यंत सगळे माझ्याकडे बघू लागले. ते माझं नाव होतं.

लाँड्रीवाल्या बाईंनी पेन्सिलीची ओळ वाचायला घेतली. कोणी मदत केलेली त्यांना चालत नाही. "अजून... विचा... रलं नाही. पण येईल."

आधी कोणी हसलं नाही. मग नर्सबाईंनी दारातून विचारलं, "गैरहजेरी किती?"

"चौदा महिने," मिस्त्रीने सांगितलं.

"आणि पंचेचाळीस दिवसांचा नियम सगळ्यांना सांगत फिरणाऱ्या ह्याच ना?"

मग मात्र सगळे हसले. मीही हसले. लहानपणी ताई सायकल शिकली. मी एकदा पडले आणि पुन्हा बसले नाही. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. ताईने मला कधी म्हटलंही नाही की शिक. मला वाटायचं ती विसरली.

हिशेब असा: तीन वर्षांत मध्येच थांबलेले एकशे सदतीस. त्यातले परत आलेले त्रेपन्न, लाँड्रीवाल्या बाई धरून. बाकी चौऱ्याऐंशी, मी धरून.

१७ मार्च, सोमवार

समिती आली. तिघं होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राचार्य, दुसऱ्या चष्मेवाल्या बाई, आणि एक गृहस्थ जे दिवसभर फक्त लिहीत होते. मला ते गृहस्थ ओळखीचे वाटले. म्हणजे माणूस नाही, लिहिणं. मीही तशीच लिहायची, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता.

जिना, नळ, ग्रंथालय, अग्निशामक नळकांडं सगळं ठीक. मग हजेरी.

अध्यक्ष म्हणाले, "एकेचाळीस टक्के. साठ लागतात."

"हो."

"पंचेचाळीस दिवसांचा नियम माहीत नव्हता?"

"माझ्या बहिणीला माहीत होता. तिने पाळला नाही."

चष्मेवाल्या बाईंनी वही बाजूला ठेवली. "आम्ही पाहणीला जातो तिथे बहुतेक ठिकाणी नव्या कोऱ्या वह्या असतात. तुम्हाला सुचलं नाही?"

"सुचलं. अडीच वह्या लिहिल्या आहेत. कपाटात आहेत."

सरांच्या हातातलं पेनाचं टोपण खाली पडलं आणि लांबवर घरंगळत गेलं. कोणी उचललं नाही.

बाईंनी वह्या मागितल्या. जुन्या आणि नव्या वह्या शेजारी ठेवून बराच वेळ बघितल्या. "अक्षर एकच आहे."

"जुन्यातलं तिचं. नव्यातलं माझं."

"मग दिल्या का नाहीत?"

काय सांगावं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "नावं खरी आहेत. तारखा खोट्या आहेत. त्या दिवशी ती नावं कोणी कापली नव्हती."

लिहिणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर केली.

नर्सबाईंनी परत आलेल्यांचा हिशेब पुढे ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "आकडा बरा आहे. पण पेन्सिलीच्या खुणांना मी पुरावा म्हणू का?"

"मग पलीकडच्या खोलीत चला," नर्सबाई म्हणाल्या. "पुरावा तिसऱ्या बाकावर बसलाय. आज लाँड्रीतून अर्धी रजा काढून आलाय."

अध्यक्षांनी लाँड्रीवाल्या बाईंना पुस्तकातला एक उतारा वाचायला सांगितला. दुसऱ्याच ओळीत त्या अडल्या. अध्यक्ष शब्द सांगायला गेले तशा म्हणाल्या, "साहेब, घाई नका करू. अडीच वर्षं थांबले, तुम्ही दोन मिनिटं थांबा." अध्यक्ष थांबले. बाईंनी उतारा संपवला.

जाताना समितीने काही सांगितलं नाही. सांगतही नसतात. चष्मेवाल्या बाई जिन्यात एवढंच म्हणाल्या, "त्या नव्या वह्यांवर आजची तारीख घाला आणि वापरात नाही असं लिहून सही करा." केलं. सही माझ्या चौकोनी अक्षरात.

१८ मार्च, मंगळवार

आज नर्सबाईंच्या घरी शाळेचा एक निरोप द्यायला गेले. घर शाळेच्या उलट दिशेला निघालं, चांगलं अर्ध्या तासाच्या अंतरावर. मामा तर शाळेच्या मागच्याच गल्लीत राहतात. दीड महिना रोज कोणाचं ना कोणाचं काम माझ्याच रस्त्याला निघत होतं.

कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांना संकोच झाला असता. इथे लिहून ठेवते, म्हणजे नोंद राहील.

२ एप्रिल, बुधवार

पत्र आलं. सरांनी उघडलं नाही, मला बोलावलं. मी म्हटलं तुम्ही मुख्य, तुम्ही उघडा. नर्सबाई म्हणाल्या, दोघं मिळून आता मुहूर्त बघा, आणि स्वतःच उघडलं.

तीन वर्षांची मान्यता नाकारली आहे. एक वर्षाची दिली आहे. रुग्णसेवेच्या वर्गाची परीक्षा यंदा होणार, प्रमाणपत्रं चालणार. नर्सबाई वाचता वाचता चष्मा पुसू लागल्या आणि काच फार मळते म्हणाल्या.

अटी दोन. थांबलेल्यांचा वेगळा पट ठेवायचा. आणि त्यावरच्या प्रत्येकाला तीन महिन्यांच्या आत पत्र पाठवून येणार की नाही ते लेखी विचारायचं. उत्तराप्रमाणे नाव ठेवायचं किंवा कमी करायचं. त्यानंतर टक्के पुन्हा काढतील.

चौऱ्याऐंशी नावं, पण पत्रं त्र्याऐंशी. मला कोणी पत्र पाठवायची गरज नाही. पत्रं मी लिहिणार असं सांगून टाकलं.

४ एप्रिल, शुक्रवार

एकही पत्र झालं नाही.

यांतल्या बऱ्याच जणांना ताईबद्दल माहीत नाही. पत्र शाळेचं, म्हणजे त्यांच्या मते ताईचं. काहीतरी सांगावं लागणार. सकाळपासून सात कागद फाडले. शेवटी लिहिलं, "मोठ्या बाई सध्या शाळेत नाहीत." बरं वाटलं.

नर्सबाईंनी वाचलं. "सध्या नाहीत म्हणजे? मंडईत गेल्यात?"

मी पेनाला टोपण लावलं.

त्यांनी कागद माझ्यापुढे परत ठेवला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "धाकट्या बाई, तुम्ही चार महिन्यांत एकदाही तो शब्द बोलला नाहीत. आम्ही सगळे बोललो. तुम्ही नाही."

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. त्यांचं खरं आहे. लिहिलाही नाही.

७ एप्रिल, सोमवार

आज पहिलं पत्र झालं. साध्या शब्दांत आणि माझ्या अक्षरात:

"माझी थोरली बहीण, म्हणजे तुमच्या मोठ्या बाई, पाच डिसेंबरला वारल्या. दोन दिवसांचंच दुखणं झालं. शाळा चालू आहे. तुमचं नाव पटावर आहे. तुम्ही पुन्हा येणार की नाही ते कळवा. काहीही कळवलंत तरी चालेल."

वारल्या हा शब्द लिहून पेन खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मग परत येऊन सही केली. दिवसभरात तेवढंच एक.

१० एप्रिल, गुरुवार

चार पत्रं.

१६ एप्रिल, बुधवार

एकवीस. आता त्या शब्दापाशी थांबावं लागत नाही. पण प्रत्येक वेळी तो वेगळ्या माणसाला सांगते आहे, आणि प्रत्येकाला ती वेगळी माहीत होती. पाकिटावर पत्ता घालताना तिने त्या माणसाबद्दल पेन्सिलीने काय लिहिलंय ते वाचून घेते. ताई माझ्याशी घरी फार बोलायची नाही. आम्ही दोघीही तशाच. तिचं बोलणं कुठे होतं ते आता कळतंय. याबद्दल समितीचे आभार मानायला हवेत, पण कुठल्या शब्दांत मानू ते सुचत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

त्र्याऐंशीवं पत्र पेटीत टाकलं. मामा बरोबर आले होते. म्हणाले, "माझं काही काम नव्हतं हं. नुसताच आलो."

१२ मे, सोमवार

आजपर्यंत एकतीस उत्तरं. वीस जण येतो म्हणतात. त्यातले सहा येऊनही बसले. दहा जणांनी विचार करून सांगतो असं लिहिलं. रुग्णसेवेच्या एकोणीस जणींची परीक्षा कालच झाली. नर्सबाई स्वतःच्या परीक्षेला घाबरली नसेन इतकी घाबरले म्हणतात.

एकतिसावं उत्तर आज आलं. हा माणूस क्रेन चालवायचा, तीन वर्षांपूर्वी वाचनाच्या वर्गाला होता. अक्षर मोठं, ओळी वर चढलेल्या. लिहिलं आहे:

"बाईंचं वाचून फार वाईट वाटलं. पत्र मी स्वतः वाचलं, कोणाकडून वाचून घेतलं नाही. उत्तरही मीच लिहितोय, चुका असतील. आता आम्ही लांब राहायला गेलो. मी येणार नाही. माझं काम झालं आहे. माझं नाव कापा आणि जागा दुसऱ्या कोणाला द्या."

सरांना दाखवलं, नर्सबाईंना दाखवलं. वाचनाच्या वर्गात लाँड्रीवाल्या बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा अडल्या, कोणी शब्द सांगितला नाही.

मग ऑफिसात येऊन जुनी वही काढली. त्याच्या नावापुढे ताईचं पेन्सिलीतलं येईल होतं. ते खोडलं नाही. लाल पेन घेतलं, पट्टी ठेवली, नावावर सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "येणार नाही." खाली आजची तारीख.

नंतर त्याला उत्तर लिहायला बसले, आभाराचं.